वाघ पोझ देत नाही, बॉस!

ताडोबाहून आलेला माणूस सोमवारी ऑफिसात लांबूनच ओळखू येतो. कानामागे लाल माती, उन्हानं सोललेलं नाक आणि चेहऱ्यावर अप्रेझलमध्ये टॉप रेटिंग मिळाल्यासारखं हसू. ‘दिसला?’ असं कुणी विचारायचा अवकाश, ‘दिसला म्हणजे काय, समोरून चालत आला!’ मग अख्खी टीम त्याच्या मॉनिटरभोवती गोळा होते. फोटो उघडतो. आणि सगळे एकदम गप्प. बांबूच्या जाळीत केशरी रंगाचं काहीतरी आहे. पट्टेही आहेत. पण ते वाघाचे आहेत की हललेल्या हाताचे, हे सांगणं कठीण. शेवटी कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं, ‘आर्टिस्टिक आलाय रे!’

दोस्तहो, हिशोब करून बघा. बॉसच्या हातापाया पडून मिळवलेली दोन दिवसांची रजा. मुंबई-पुण्याहून नागपूर, तिथून पुढे तीनेक तास गाडी. चार सफारींचं बुकिंग. पहाटे साडेचारचा अलार्म. एवढं सगळं करून वाघ दिसतो किती वेळ? नशीब जोरावर असलं तर चार-पाच मिनिटं. एरवी चाळीस सेकंद. त्यातले वीस सेकंद ‘कुठंय, कुठंय’ करण्यात जातात. उरलेल्या वीस सेकंदांत कॅमेऱ्याचा मेनू उघडून आयएसओ शोधणाऱ्या माणसाला मी फक्त शुभेच्छा देऊ शकतो.

त्यामुळे माझा फंडा अगदी साधा आहे. कॅमेऱ्याची सगळी बटणं गेटच्या बाहेर फिरवायची. आत गेल्यावर फक्त जंगल बघायचं. आणि वाघ आला की एकच काम, डोळ्यावर फोकस ठेवून बटण दाबायचं.

आता ही बटणं फिरवायची कशी, ते बघू. उदाहरण ताडोबाचंच घेतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला वाघ तिथलाच असतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे चंद्रपूर जिल्ह्यातलं जंगल. पानगळीचं, बांबूचं, आणि उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं. पण हीच सेटिंग्ज पेंच, कान्हा, गीर, कुठेही चालतील. मांजराचा साइज बदलतो, गणित तेच.

शटर हाच खरा बॉस

ऑटो मोडला वाघ कळत नाही. त्याला फक्त प्रकाश कळतो. पहाटे सहा वाजता बांबूत अंधार दिसला की तो गपचूप शटर १/६० वर नेऊन ठेवतो आणि तुम्हाला वाटतं, लेन्स खराब आहे.

जरा आकडे बघा. रमतगमत चालणारा वाघ माणसाच्याच वेगानं चालतो, म्हणजे ताशी साधारण साडेचार किलोमीटर. या वेगानं १/१२५ सेकंदात तो एक सेंटीमीटर पुढे सरकतो. एक सेंटीमीटर! त्यात मिशा गेल्या, डोळ्यातली चमक गेली, पट्ट्यांच्या कडा गेल्या. तेच शटर १/१००० वर नेलंत तर तो जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकतो. आणि हे फक्त अंगाचं झालं. उचललेला पंजा अंगापेक्षा जास्त वेगानं पुढे येत असतो.

दुसरा मुद्दा तुमच्या हाताचा. जुना नियम असा की, लेन्स जितक्या मिलिमीटरची, किमान तितक्या भागाचा शटर स्पीड हवा. ४०० मिमीला १/४००. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल, तर दीडपट धरा, म्हणजे १/६००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा थरथराट कमी करतं, हे खरं. पण ते वाघाला थांबवत नाही. दुकानातला सेल्समन ही दुसरी ओळ सांगत नाही.

तर शटरचा हिशोब असा ठेवा. वाघ बसलाय किंवा पाण्यात डुंबतोय, तर १/२५० ते १/३२० पुरे. चालतोय, तर १/१०००. पळतोय, बछड्यांची कुस्ती चाललीये, पाणी उडतंय, तर १/२०००. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात तेवढा प्रकाश नसतो. तेव्हा १/५०० वर या आणि वाघ ज्या क्षणी थबकतो, तो क्षण पकडा. मांजरकुळातल्या मंडळींची एक सवय आपल्या फायद्याची आहे. चालताना मध्येच थांबून वास घेणं, झाडावर फवारा मारणं, मागे वळून बघणं. तेवढा एक सेकंद तो जवळजवळ स्थिर असतो.

दाणे चालतील, धुरकट नको

इथे अनेकांना घाम फुटतो. ‘पण मग आयएसओ ३२०० जाईल ना? नॉइज येईल!’ येऊ दे की. पहाटेच्या झाडीत १/५०० आणि एफ/५.६ लावलंत तर आयएसओ ३२०० ला जाणारच. दुपारच्या कडक उन्हात १/१००० ला तोच आयएसओ शंभर-दोनशेवर येईल आणि बांबूच्या सावलीत पुन्हा सोळाशेच्या आसपास. प्रकाश असाच उड्या मारतो. त्याच्यामागे चाक फिरवत बसलात, तर वाघ पलीकडच्या ओढ्यात उतरलेला असेल.

म्हणून मी मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी वापरतो. शटर माझं, अॅपर्चर माझं, आयएसओचं टेन्शन कॅमेऱ्याचं. वरची मर्यादा ६४०० वर बांधून टाकायची. कॅमेरा नवा आणि फुल फ्रेम असेल, तर १२८०० पर्यंतही जाऊ द्या.

दाण्यांचा इलाज आज घरबसल्या होतो. लाइटरूममध्ये २०२३ साली एआय डिनॉइज आलं, तेव्हापासून रॉ फाइलमधले दाणे एका क्लिकवर कमी करता येतात. म्हणजे फोटो रॉमध्येच काढायचे, हे ओघानं आलं. पण हललेल्या फोटोवर असा भरवशाचा इलाज अजून नाही. सॉफ्टवेअर कडा कोरून देतं, पण जी मिशी फाइलमध्ये आलीच नाही, ती कुठून आणणार? आणली तर ती वाघाची नसते, सॉफ्टवेअरची असते.

एक छोटी गोष्ट एक्स्पोजरची. गर्द बांबूसमोर वाघ असेल, तर कॅमेरा त्या काळोखाला भुलून फोटो जास्त उजळ करतो आणि वाघाच्या गालावरचा पांढरा भाग जळून जातो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन उणे ०.३ ते उणे ०.७ ठेवा. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत हे मॅन्युअल आणि ऑटो आयएसओच्या जोडीतही चालतं. आणि ताडोबातला काळा बिबट्या दर्शन द्यायला आलाच, तर सरळ उणे एक करा. नाहीतर काळ्याचा राखाडी होईल आणि घरचे म्हणतील, ‘हे रानडुक्कर का?’

फोकस डोळ्यावर, गवतावर नाही

शार्प फोटो म्हणजे अख्खा वाघ शार्प असलाच पाहिजे असं नाही. डोळा शार्प असला की माणसाचं मन मानतं. डोळा गेला आणि शेपूट शार्प आली, तर फोटो गेला.

फोकस मोड कंटिन्युअसवर ठेवा. निकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्व्हो. म्हणजे वाघ चालत राहिला तरी फोकस त्याच्याबरोबर चालतो. मिररलेस कॅमेऱ्यात अॅनिमल आय डिटेक्शन असेल तर चालू करा. उघड्या रस्त्यावर चालणाऱ्या वाघाला ते झक्कास पकडतं.

पण वाघ गवतात शिरला की या हुशार सिस्टिमचीही तारांबळ उडते. समोरच्या दोन काड्या तिला वाघापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. त्यासाठी एका बटणावर सिंगल पॉइंट ठेवाच. छोटासा चौकोन, गवताच्या फटीतून थेट डोळ्यावर. पाठीमागचं एएफ-ऑन बटण फोकसला आणि वरचं बटण फक्त फोटोला, अशी वाटणी केलीत तर अजून सोपं. फटीतून एकदा फोकस बसला की अंगठा उचलायचा. वाघ बसलेला असेपर्यंत तो फोकस कुठे जात नाही, मग समोर कितीही काड्या डोलू देत.

बर्स्ट मोड लावा, पण एके-४७ सारखा नको. तीन-चार फोटो, श्वास, पुन्हा तीन-चार. सलग दाबून ठेवलंत तर कॅमेऱ्याचा बफर भरतो आणि नेमकी जांभई द्यायच्या वेळी कॅमेरा ‘बिझी’ म्हणतो. अगदी आपल्या आयटी हेल्पडेस्कसारखा. सायलेंट शटर असेल तर वापरा. वाघालाही शांतता आणि शेजारच्या जिप्सीलाही. फक्त वाघ पळत असेल आणि तुम्ही कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत असाल, तर मेकॅनिकल शटर बरं. अनेक कॅमेऱ्यांत सायलेंटला मागचे उभे बांबू तिरके येतात.

जवळ म्हणजे शार्प, हे कुणी सांगितलं?

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक जिप्सीत एक जण असतोच. वाघ दिसला की लगेच ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक. ‘भाऊ, थोडं पुढे घ्या ना! अजून थोडं!’ त्याला वाटतं, जवळ गेलं की फोटो शार्प येणार.

इथे पुन्हा गणित काढू. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ४०० मिमी लेन्स, एफ/५.६. वाघ १० मीटरवर असेल तर फोटोत शार्प दिसणारा पट्टा किती खोल असतो? जेमतेम १४ सेंटीमीटर. डोळे शार्प, कान गेले, खांदे तर विसराच. वाघ २० मीटरवर असेल तर हाच पट्टा साधारण ५५ सेंटीमीटरचा होतो. आणि ४० मीटरवर? सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे समोरून येणारी वाघीण नाकापासून जवळजवळ शेपटीच्या मुळापर्यंत त्यात मावते. अंतर दुप्पट केलं की पट्टा चौपट होतो. हे तुमच्या लेन्सचं फिजिक्स आहे, वनखात्याचं लेक्चर नाही.

नियमही हेच सांगतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायचं आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटरचं अंतर ठेवायचं. गर्दीच्या दिवशी त्याचं काय होतं, ते आपण बघतोच. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पाच बछड्यांना घेऊन निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमध्ये कुणी खलनायक बसले नसणार. तुमच्या-माझ्यासारखेच, रजा टाकून आलेले, ‘भाऊ, थोडं पुढे’ म्हणणारे लोक असणार.

म्हणून म्हणतो, सेटिंग्ज आधी लावणं हा फक्त फोटोचा मामला नाही. ज्याचा कॅमेरा तयार असतो, त्याला ४० मीटर पुरतात. ज्याचा तयार नसतो, त्याला १० मीटरही कमी पडतात आणि ती कसर तो ड्रायव्हरकडून, म्हणजे शेवटी वाघाकडून वसूल करतो.

जिप्सीतलं इंजिनिअरिंग

काही गोष्टी कॅमेऱ्यात नसतात, त्या जिप्सीत असतात.

पहिली, बीन बॅग. ट्रायपॉड जिप्सीत उघडायला जागा नसते. साधी कापडी पिशवी घ्या, रिकामी घेऊन जा आणि तिथं पोहोचल्यावर तांदूळ भरा. चंद्रपूर जिल्हा भाताचा, तांदळाला तोटा नाही. परत येताना तो रिसॉर्टच्या किचनला देऊन टाका. ही पिशवी जिप्सीच्या दांड्यावर ठेवायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. एवढ्यानं हाताचा थरथराट निम्म्यावर येतो.

दुसरी, इंजिन. इंजिन चालू असेल तर ती थरथर दांड्यातून बीन बॅगमध्ये आणि तिथून थेट फोटोत येते. ‘भाऊ, इंजिन बंद करता का?’ हे वाक्य ‘भाऊ, पुढे घ्या’पेक्षा फोटोला कितीतरी जास्त मदत करतं. आणि बाकीच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा, फोटो काढताना गाडीत उभं राहून जागा बदलायची नाही. एक जण हलला की सहा जणांचे फोटो हलतात.

तिसरी, ऊन. मे महिन्यात दुपारी तलावाच्या पलीकडच्या काठावर वाघ बसलेला दिसतो. सगळी सेटिंग्ज परफेक्ट, तरी फोटो पाण्याखालून काढल्यासारखा. ही लेन्सची चूक नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि त्या लहरीतून काढलेला फोटो कुठल्याही शटरला शार्प येत नाही. अशा वेळी तो फोटो लँडस्केप समजून काढा. तलाव, झाडं आणि मध्ये चिमुकला वाघ. क्लोजअप सकाळच्या थंड हवेत, जवळच्या अंतरावर. म्हणजे २० मीटरच्या नियमातलं ‘जवळ’ बरं का!

चौथी, धूळ. पुढची गाडी गेली की लाल धुरळा उडतो. लेन्सवर एक जुना पंचा टाकून ठेवा आणि जंगलात लेन्स बदलायचं धाडस करू नका. सेन्सरवर बसलेला एक कण पुढच्या चारशे फोटोंत आकाशात घार असल्यासारखा दिसतो.

आणि पाचवी, कान. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल वापरता येत नाही, तेव्हा कान तसेही मोकळे असतात. चितळानं कॉल दिला, वानर खाकरलं, सांबरानं भोंगा वाजवला, की समजायचं, एक-दोन मिनिटं हातात आहेत. हीच वेळ कॅमेरा चालू आहे ना, लेन्सची टोपी काढली आहे ना, शटर १/१००० वर आहे ना, हे बघायची. वाघाआधी जंगल तुम्हाला फोन करतं. तो उचलायचा.

एक शार्प फोटो काय काय सांगतो

तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला? चार लाइक्स कमी मिळाले तर मिळाले. ठीक आहे, एक किस्सा सांगतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दुपारच्या सफारीला आमची जिप्सी रांगेत चौथी होती. वाघीण बांबूतून निघाली आणि रस्ता ओलांडून नाल्यात उतरली. सगळं मिळून पंधरा सेकंद. आम्ही असू चाळीसेक मीटरवर. पुढच्या तीन गाड्यांत ‘वॉव’ आणि ‘शूss’ यांची जुगलबंदी चालली होती. १/१२५०, एफ/६.३, आयएसओ १६००. मला आठ फ्रेम मिळाल्या.

ती गेल्यावर सवयीनं मागच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत होतो. आमचा गाईड, पंचविशीतला शेजारच्याच गावचा मुलगा, मागे वळून बघत होता. तो एकदम म्हणाला, ‘थांबा जी. पायाकडं घ्या ना जरा.’ मी फोटो सरकवला. पुढच्या उजव्या पंजाच्या वर, केसांमध्ये दोन बारीक, पांढऱ्या-काळ्या काड्या उभ्या होत्या. मला त्या गवताच्या वाटल्या. ‘साळिंदराचे काटे आहेत जी. म्हणूनच पाय टेकवत नव्हती नीट.’ आम्ही कुणीही तिचं लंगडणं पाहिलंच नव्हतं. त्यानं पाहिलं होतं, पण कारण फोटोत दिसलं.

साळिंदराची शिकार करताना वाघाच्या पंजात, तोंडात काटे घुसतात, हे वाचलं होतं. बरेचदा ते पडून जातात. पण जखम चिघळली, तर धड शिकार जमत नाही आणि मग वाघ सोप्या शिकारीकडे, म्हणजे गावातल्या गुराढोरांकडे वळू शकतो. गाईडचं घर त्याच जंगलाला लागून. त्याच्या आईची दोन गुरं रोज रानाच्या कडेला चरायला जातात. त्याच्यासाठी ती फ्रेम म्हणजे फोटो नव्हताच, ती बातमी होती.

गेटवर त्यानं मला कॅमेऱ्यासकट वनरक्षकाकडे नेलं. वनरक्षकानं पंजा बघितला आणि मग म्हणाला, ‘अंगाचा फोटो आहे का, डाव्या बाजूचा?’ होता. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही एकसारखी नसते. भारतात उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप लावून वाघ मोजायची पद्धत रुजवली, ती याच पट्ट्यांच्या जोरावर. आज देशभरातल्या व्याघ्रगणनेत हेच होतं. कॅमेरा ट्रॅपचे फोटो, त्यातले पट्टे, आणि पट्ट्यांवरून वाघाची ओळख. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा जो अंदाज निघाला, त्याच्या मुळाशीही असे लाखो फोटो आहेत. वनरक्षकानं खांद्यावरचे दोन पट्टे बघितले आणि ती कोणती वाघीण, ते तिथल्या तिथं सांगितलं. फोटोची कॉपी घेतली. तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं.

वीसेक दिवसांनी मी ऑफिसात एका कंटाळवाण्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये होतो. गाईडचा फोन आला, म्हणून बाहेर गेलो. ‘सर, काटे पडले तिचे. काल सांबर मारलं तिनं. नीट चालते आता.’ मी परत आत येऊन बसलो. प्रोजेक्टरवर कुठलातरी बार ग्राफ होता. मी हसतोय, हे बघून बॉसला वाटलं, मला आकडे आवडले.

हललेल्या फोटोत ‘वाघ’ असतो. शार्प फोटोत ‘तो’ वाघ असतो. त्याचा कापलेला कान, नाकावरची जुनी जखम, पंजातला काटा. फरक तेवढाच आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

गेटवर उभं राहून करायची उजळणी

हे कापून पाकिटात ठेवा.

• मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००.
• शटर पहाटे १/५००, उजाडल्यावर १/१०००. बसलेल्या वाघाला १/२५०, पळणाऱ्याला १/२०००.
• अॅपर्चर लेन्स देईल तितकं मोठं, एफ/५.६ किंवा एफ/६.३. वाघ निवांत बसलाय आणि प्रकाश भरपूर आहे, तर एफ/८.
• फोकस कंटिन्युअस. रस्त्यावर आय डिटेक्शन, गवतात सिंगल पॉइंट.
• फाइल रॉ, बर्स्ट तीन-चारचा.
• कॅमेऱ्यात सी-१, सी-२ किंवा यू-१, यू-२ असे कस्टम मोड असतील, तर ‘चालता वाघ’ आणि ‘बसलेला वाघ’ अशी दोन सेटिंग्ज घरीच सेव्ह करा. मग आत फक्त एक चाक फिरवायचं.
• दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, एक पंचा, एक बीन बॅग.
• ड्रायव्हर आणि गाईडला आधीच सांगा, ‘आम्हाला घाई नाही, लांबूनच थांबवा.’ त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कसा उतरतो, ते बघा.

ताडोबाचं कोअर पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि एरवी दर मंगळवारी सुट्टी असते, त्याप्रमाणे रजेचा मेल टाका. आणि लेन्स भाड्यानं घेणार असाल, तर सफारीच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी घ्या. अनोळखी लेन्सचं झूम नेमकं उलट्या दिशेला फिरतं, हे वाघासमोर कळण्यात मजा नाही.

राहिला प्रश्न प्रॅक्टिसचा. त्यासाठी नागपूरचं तिकीट लागत नाही. आज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कॅमेरा घेऊन बिल्डिंगखाली उतरा. पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीखाली एक मांजर असेलच. संध्याकाळचा अपुरा उजेड, मध्ये स्कूटरची चाकं, अंगावर पट्टे आणि तुमच्याकडे संपूर्ण दुर्लक्ष. ताडोबाची याहून चांगली रंगीत तालीम नाही. शटर १/५००, फोकस डोळ्यावर. ती उठली, चालायला लागली, स्कूटरमागे गेली, पुन्हा निघाली. दहापैकी सात फोटोंत डोळे शार्प आले, की समजा तुम्ही तयार आहात.

नाही आले, तर उद्या पुन्हा उतरा. मांजराची रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.